डाव्या दारावरची अक्षरं

"दाराला हात लावू नकोस," असं अंकल मला कधीच म्हणाले नव्हते. गेली दोन वर्षं मी हे वाक्य स्वतःला ऐकवत आलोय, आणि दर वेळी माझंच मन मला म्हणतं, गप्प बस रे बाबा. कारण ते एवढं नक्की म्हणाले होते, "डोअर लास्ट. डोअर आय डू." दार शेवटी, आणि दाराचं मी बघेन. आता यापेक्षा स्पष्ट माणसाने काय सांगायचं? पाटी लावायची होती का तिथे? मला ऐकू आलं नाही असंही नाही. ऐकलं, समजलं, आणि मग मी माझं डोकं चालवलं. माझ्या आयुष्यातले बहुतेक घोटाळे या शेवटच्या पायरीवर झालेत.

तर हे सगळं एका जुन्या पिकअपच्या डाव्या दाराबद्दल आहे. त्या दारावर साठेक वर्षांपूर्वी एका माणसाने स्वतः ब्रश हातात धरून आपल्या दुकानाचं नाव लिहिलं होतं. तो माणूस म्हणजे अंकलचे वडील. ते नाव मी खरवडून काढलं. अगदी चांगल्या मनाने, सकाळी आंघोळ करून, दुसऱ्या दिवसासाठी झेंडूचा हार सांगून ठेवून.

मी मूळचा पुण्याचा. सिंगापुरात आलो तेव्हा दोन वर्षांत परत जायचं असं ठरलं होतं. त्याला आता अठरा वर्षं झाली. टॅम्पिनीसला फ्लॅट, बायको एका बँकेत, मुलगी शाळेत, मी सॉफ्टवेअरमध्ये. लहानपणापासून जीव मात्र गाड्यांवर. मला मेकॅनिकल करायचं होतं, पण मार्क जरा जास्त पडले आणि घरच्यांनी कॉम्प्युटरला ढकललं. मार्क जास्त पडून माणसाचं नुकसान होतं ते असं. हाताला ग्रीस लागायचं राहूनच गेलं.

आमच्या गाडीचा एसी बिघडला म्हणून मी पहिल्यांदा अंकलच्या गॅरेजमध्ये गेलो. सेरंगूनच्या पुढे एका औद्योगिक वसाहतीत तळमजल्यावर त्यांचा गाळा होता. अंकल म्हणजे सत्तरी ओलांडलेले, किडकिडीत, बनियन आणि हाफ पँट घालणारे चिनी गृहस्थ. इथे प्रत्येक वडीलधाऱ्याला अंकल म्हणतात, तसं मीही म्हणू लागलो. ते मला "इंजिनिअर" म्हणायचे. मी कॉम्प्युटरवाला आहे हे कळल्यावर म्हणाले, "ओह, इंजिनिअर विदाउट इंजिन." आणि स्वतःच खो-खो हसले. मला राग यायला हवा होता. पण बोलले ते खरंच होतं.

एसी दुरुस्त होईस्तोवर मी गाळ्यात नाक खुपसत फिरलो. मागच्या भिंतीशी ताडपत्रीखाली काहीतरी होतं. मी एक कोपरा उचलला. खाली जुना इंग्रजी बनावटीचा छोटा पिकअप होता. गोल बॉनेट, बटाट्यासारखे फुगीर मडगार्ड, मागे लाकडी फळ्यांचा हौदा. फळ्यांना नाक लावलं तर चक्क कॉफीचा वास! अंकलच्या वडिलांचं कॉफी भाजून दळायचं दुकान होतं. या पिकअपमधून ते गावभरच्या कॉफीशॉपना पावडर पोचवायचे. दुकान गेलं, वडील गेले, गाडीचा रस्त्याचा परवाना तर कधीच संपला. गाडी तेवढी राहिली.

"हिचं काय करणार?" मी विचारलं.

अंकल इकडेतिकडे बघून, जणू वडील अजून मागे उभे आहेत अशा आवाजात म्हणाले, "हॉट रॉड."

हॉट रॉड म्हणजे जुन्या गाडीचा चेहरा तसाच ठेवायचा, आत दांडगं इंजिन बसवायचं, गाडी जमिनीलगत खाली घ्यायची आणि मागे रुंद चाकं लावायची. वरून म्हातारी, आतून पैलवान. अंकल विशीत असताना त्यांना या पिकअपचं नेमकं हेच करायचं होतं. वडील म्हणायचे, वेगात गेलास तर कॉफी सांडेल. झालं, विषय संपला. पन्नासहून अधिक वर्षं तो विषय त्यांनी मनात ठेवला होता. आता वसाहतीतली ती इमारत पाडायची ठरली होती आणि पुढच्या वर्षअखेरीपर्यंत सगळ्यांना गाळे रिकामे करायचे होते. त्याआधी गाडी तयार करायची, आणि मग पुलापलीकडे, शेजारच्या देशात, जोहोरला बहिणीच्या डुरियन फळांच्या बागेत पाठवायची. तिथे बागेतल्या वाटेवर म्हाताऱ्याने ती एकदा मनसोक्त पळवायची, असा बेत होता.

"आत माझं," बॉनेटवर थाप मारत ते म्हणाले. मग दाराकडे बोट केलं. "बाहेर त्याचं."

हे त्यांनी मला पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. पहिल्याच दिवशी! म्हणजे मला काहीच माहीत नव्हतं, असं म्हणायचीसुद्धा सोय नाही.

पुढचं सव्वा वर्ष माझा दर शनिवार त्या गाळ्यात गेला. सकाळी आठला पोचायचं, अंकलबरोबर काया टोस्ट, म्हणजे नारळाचा जॅम लावलेला पाव, आणि बिनसाखरेची काळी कॉफी घ्यायची आणि कामाला लागायचं. बायको सुरुवातीला म्हणाली, "घरातला नळ गेले तीन महिने गळतोय, तो नाही दिसत तुला." नंतर तिने नाद सोडला. खरं सांगायचं तर मी इतका आनंदात कधी नव्हतो. इथे दहा वर्षं झाली की परवाना संपून चांगल्या धडधाकट गाड्या भंगारात निघतात. त्यातलीच एक अंकलनी हेरली आणि तिचं इंजिन आम्ही उतरवून आणलं. ते जुन्या चासीत बसेना म्हणून पट्ट्या कापल्या, नव्या जोडल्या. पाटे काढून स्प्रिंग बसवले. पहिल्या महिन्यात मी चुकीचा पाना उचलला की अंकल बोलायचे नाहीत, नुसता तो माझ्या हातातून काढून बरोबरचा ठेवायचे. सहाव्या महिन्यात ते न बघता हात पुढे करायचे आणि मी त्यात हवा तो पाना ठेवायचो. ऑफिसात मला बढती मिळाली तेव्हाही इतकं बरं वाटलं नव्हतं.

मी प्रत्येक गोष्टीचा फोटो काढायचो. सवयच ती. काही सुटं करायच्या आधी फोटो, केल्यावर फोटो. इंजिनाचं वेगळं फोल्डर, वायरिंगचं वेगळं, प्रत्येक बोल्ट कुठून निघाला त्याची नोंद. अंकल हसायचे. "फोटो टेक ओन्ली, स्क्रू व्हेअर?" पण पुढे कुठला तुकडा कुठे बसतो ते आठवेना झालं की माझ्याच फोनमध्ये डोकं घालायचे.

डोकं घालायचे ते अगदी फोन नाकाला लावून. त्यांच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू होता. लाल आणि तपकिरी वायर त्यांना सारखीच दिसायची.

आता ते दार. गाडीचं उजवं दार मागे कधीतरी अपघातात बदललेलं होतं, कोरं. डावं मात्र मूळचं. त्यावर चार चिनी अक्षरं होती आणि खाली पाच आकडी फोन नंबर. अक्षरांचा कधीतरी लाल असलेला रंग आता विटकरी झाला होता, जागोजागी पोपडे आले होते, कडेने गंज चढत होता. अक्षरंही काही फार सुबक नव्हती. एक मोठं, एक बारकं, तिसऱ्याचा रंग खाली ओघळलेला. मला चिनी येत नाही, पण वाकडं ते कुठल्याही भाषेत वाकडंच दिसतं. बाकी गाडी हळूहळू झळकायला लागली, तसं ते दार माझ्या डोळ्यांत खुपायला लागलं.

आम्हा लोकांचं एक असतं. जुनी वस्तू चांगली ठेवायची म्हणजे ती नव्यासारखी दिसली पाहिजे. आमच्या घरी वडिलांची स्कूटर होती. खंडेनवमीला ती इतकी घासायचे की शेजारीपाजारी विचारायचे, नवीन घेतली का हो? हातोडी, पकड, अगदी विळीसुद्धा चिंच लावून लखलखीत व्हायची, मग तिला हळदकुंकू. मळलेल्या वस्तूला फूल वाहायचं नाही. गंज म्हणजे आळस, गंज म्हणजे हेळसांड. गंजसुद्धा कुणी जपत असेल, हे माझ्या सात पिढ्यांना सुचलं नसतं.

आणि दुसरंही एक. आई कुणाचं कौतुक करायची तर म्हणायची, "त्याला सांगावं लागत नाही." मोठ्यांच्या मनातलं ओळखून, न विचारता काम उरकून टाकायचं आणि मग नुसतं बाजूला उभं राहायचं, यासारखी शाबासकी आमच्या घरात दुसऱ्या कशाला नव्हती. मी पन्नाशीला आलो तरी त्या शाबासकीचा भुकेला आहे. हे लिहायला लाज वाटते, पण आहे.

एका शनिवारी मीच विचारलं, "अंकल, दार कधी करायचं?"

"आय फर्स्ट," ते डोळ्याकडे बोट करत म्हणाले. "देन डोअर."

आधी डोळा, मग दार. मोतीबिंदूचं ऑपरेशन ठरलं होतं. मी मनात हिशेब मांडला: म्हाताऱ्याला नीट दिसत नाही, म्हणून दाराचं काम अडलंय. घासायला, पुट्टी भरायला नजर लागते. ऑपरेशननंतर डॉक्टर त्यांना महिनाभर धुळीत येऊ देणार नाहीत. गाळा रिकामा करायची तारीख जवळ येतेय. म्हणजे हे काम कुणी करायचं? उघड आहे! असं सगळं मला त्या चार शब्दांत दिसलं. माझी नजर चांगली होती ना.

ऑपरेशनच्या आधी अंकलनी गाळ्याची किल्ली माझ्या हातात ठेवली. तोवर ती त्यांनी कुणालाही दिली नसावी. दोरीने कमरेला बांधलेली असायची, ती दोरी सोडायलाच त्यांना वेळ लागला. "यू लुक आफ्टर," म्हणाले. त्या दिवशी मी बसने घरी येताना खिशात हात घालून ती किल्ली धरून बसलो होतो.

त्या वर्षी दसरा शनिवारी आला होता. ऑपरेशननंतर पहिल्यांदा अंकल त्याच सकाळी येणार होते, नुसते बसायला. मी शुक्रवारी, खंडेनवमीला, ऑफिसातून रजा टाकली. सकाळी डबा भरून घेतला. बायकोने विचारलं, "आज कसलं काम?"

"दार करून टाकतो. उद्या पूजा करायची गाडीची. अंकलना सरप्राइज."

"त्यांना विचारलंस?"

"विचारलं तर सरप्राइज कसलं?"

"अरे पण गाडी त्यांची आहे."

"म्हणून तर करतोय ना!" मी वैतागलो. "तुला प्रत्येक गोष्टीत खोट काढायची सवयच लागलीय."

मुलगी कॉर्नफ्लेक्स खात होती. मान वर न करता इथल्या इंग्रजीत म्हणाली, "बाबा ऑलवेज लाइक दॅट वन, ला. नेव्हर आस्क." मी तिच्याही अंगावर खेकसलो आणि निघालो.

दार बिजागऱ्यांतून काढून लाकडी घोड्यांवर आडवं ठेवलं. आधी रंग उतरवायचं रसायन फासलं. रंग सुरकुतला आणि वर आला. मग पत्र्याच्या पट्टीने खरवडला. अक्षरं सगळ्यात आधी गेली, वरच्या थरात होती ना. पाच मिनिटं लागली असतील. खाली हिरवा रंग निघाला, त्याखाली राखाडी, आणि मग पत्रा. दिवसभर मी पॉलिश पेपरने तो पत्रा घासत होतो, आधी खरखरीत, मग बारीक, शेवटी पाणी लावून. संध्याकाळी त्यात माझा चेहरा दिसायला लागला. मी गाणी म्हणत होतो हो! वडिलांच्या स्कूटरवेळी वडील म्हणायचे तशीच. मग दार परत बसवलं, फरशी झाडली, धुतली, सगळा कचरा पिशवीत बांधून बाहेर कचऱ्यात टाकून आलो. एक कण ठेवला नाही.

शनिवारी सकाळी लिटल इंडियातून झेंडूचा हार घेऊन गेलो. बॉनेटवर कुंकवाचं स्वस्तिक काढलं, चाकांखाली लिंबं ठेवली. अंकल आले ते काळा चष्मा लावून. आत येऊन त्यांनी तो काढला आणि पहिल्यांदा बॉनेट उघडलं. वायरिंग बघितलं आणि लहान मुलासारखे ओरडले, "वाऽऽ! सो रेड!" लाल वायर इतकी लाल असते हे ते विसरून गेले होते. मग एक एक करत सगळ्या रंगांवर बोट ठेवून मला सांगत सुटले, ही पिवळी, ही निळी. मी नारळ हातात घेऊन हसत उभा होतो. मनात म्हणत होतो, थांबा, अजून खरी गंमत तर डावीकडे आहे.

ते डावीकडे गेले.

दारासमोर थांबले. आनंदाने बोलती बंद झाली असं मला वाटलं. देवाशपथ, तसंच वाटलं! मग त्यांनी तळहात दारावर ठेवला आणि बोटं हळूहळू फिरवायला लागले. अक्षरं होती तिथेच, त्याच उंचीवर. वरून खाली, मग जरा उजवीकडे, परत वरून खाली. मग वाकून खाली फरशीकडे बघितलं.

"डस्ट व्हेअर?"

"टाकून दिली, अंकल. सगळं स्वच्छ केलं."

"हं," ते म्हणाले. "व्हेरी क्लीन."

तेव्हा कुठे माझ्या डोक्यात उजेड पडला. माणूस बाकी सगळं सोडून धूळ कुठाय असं विचारतो, तेव्हा त्याला त्या धुळीतून काहीतरी परत हवं असतं. मी नारळ धरून तसाच उभा राहिलो. शेवटी तेच म्हणाले, "यू डू युअर प्रेअर," आणि चप्पल काढून बाजूला उभे राहिले. मी त्या दाराची पूजा केली. दुसरं काय करणार होतो? हळद वाहिली, कुंकू वाहिलं, हार घातला, नारळ फोडला. अंकलनी हात जोडले. खोबऱ्याचा तुकडा दिला तो सावकाश चावून खाल्ला.

मग बाहेरच्या टपरीवरून त्यांनी नेहमीच्या दोन कॉफ्या आणल्या आणि आम्ही उलट्या क्रेटवर बसलो. तिथे त्यांनी सांगितलं. त्यांच्या मोडक्या इंग्रजीत, अधूनमधून थांबत, माझ्याकडे न बघता. वडिलांना लिहिता-वाचता येत नव्हतं. कागदावर अंगठा उठवायचे. गाडी घेतली तेव्हा दुकानाच्या पाटीवरून बघून बघून त्यांनी ती चार अक्षरं शिकली. महिनाभर जुन्या वर्तमानपत्रांवर गिरवत होते. मग एका सकाळी दार लिहायला घेतलं. पेंटर बोलावू दिला नाही. तिसऱ्या अक्षराला रंग ओघळला तेव्हा छोटे अंकल हसले, आणि त्यांना थोबाडीत बसली. आयुष्यात वडिलांनी लिहिलेलं असं तेवढंच. दुसरीकडे कुठेच एक रेघसुद्धा नाही.

"तुम्ही दाराचं काय करणार होतात?" मी विचारलं.

काहीच करणार नव्हते. डोळा बरा झाला की गंज तेवढा थोपवायचा, वरून पारदर्शक वार्निशचा हात द्यायचा. पण आधी ते चार दिवस नुसतं बघणार होते. गेली कित्येक वर्षं त्यांना तिथे फक्त लाल ढग दिसत होता. कुठलं अक्षर मोठं, कुठलं लहान, ओघळ नेमका कुठवर आला होता, हे त्यांना परत एकदा स्वच्छ बघायचं होतं. म्हणून आधी डोळा, मग दार.

मी रडलो. टपरीवरची माणसं बघत होती, तरी रडलो. अंकलनी माझ्या गुडघ्यावर दोनदा थापटलं आणि म्हणाले, "नेव्हर माइंड. ऑलरेडी." म्हणजे, झालं ते झालं.

घरी गेलो तेव्हा बायकोला काही सांगावं लागलं नाही. तोंड बघूनच तिने विचारलं, "काय होतं त्या दारावर?" तिने "मी सांगत होते" म्हटलं असतं तर बरं झालं असतं, निदान भांडता आलं असतं. ती ताट वाढून समोर बसून राहिली.

शहाणपणा अजून संपला नव्हता. पुढच्या शनिवारी मी प्रिंटआउट घेऊन गेलो. अंकलच्या तोंडून ऐकलेलं दुकानाचं नाव ऑफिसातल्या एका चिनी सहकाऱ्याकडून लिहून घेतलं होतं आणि चार वेगवेगळ्या वळणांत छापून आणलं होतं, एकाहून एक सुबक. खाली एक, दोन, तीन, चार असे आकडेही टाकले होते, म्हणजे पसंती सांगायला सोपं. कपाळ माझं! अंकलनी चारही कागद नीट पाहिले, नव्या डोळ्याने, उजेडाकडे धरून. "ऑल व्हेरी नाइस," म्हणाले आणि घडी करून परत दिले.

त्यानंतर मी दर शनिवारी माफी मागायचो. आल्या आल्या, निघताना, मध्येच पाना हातात देताना. पाचव्या की सहाव्या आठवड्यात ते पाना खाली ठेवून म्हणाले, "यू से सॉरी, आय मस्ट से ओके. एव्हरी वीक आय मस्ट से ओके. व्हेरी टायर्ड." त्यांचा आवाज चढला नव्हता. मला मात्र कुणीतरी कानाखाली वाजवावी तसं झालं. म्हणजे इतके दिवस मी त्यांच्याकडून काहीतरी मागतच होतो. त्या दिवसापासून मी सॉरी म्हणणं बंद केलं. बोलणंही कमी झालं. काम मात्र चाललं. ते न बघता हात पुढे करायचे, मी पाना ठेवायचो. पण ठेवायच्या आधी आता मी विचारायचो, "हाच ना, अंकल?" पूर्वी विचारावं लागत नव्हतं.

गाडी तयार झाली. बॉनेट, मडगार्ड, उजवं दार गडद हिरवं, वडिलांच्या वेळी होतं तसं. हौद्याच्या फळ्या तेल लावून तशाच ठेवल्या. डाव्या दाराला गंज चढू नये म्हणून फक्त राखाडी प्रायमर मारला, त्यावर रंग दिला नाही. मी विचारलं नाही, त्यांनी सांगितलं नाही. इंजिन पहिल्यांदा सुरू झालं तेव्हा शेजारच्या गाळ्यांतली माणसं धावत आली आणि टाळ्या पिटायला लागली. अंकल स्टिअरिंगमागे बसले, मला डावीकडे बसवलं, आणि वसाहतीच्या आतल्या बोळात गाडी या टोकापासून त्या टोकापर्यंत नेली. माझं कोपर त्या राखाडी दारावर होतं. मी ते आत ओढून घेतलं.

गाडी जोहोरला जायची त्या सकाळी गाळा रिकामा होता. भिंतींवर नुसते खिळे होते. अंकलनी मला बोलावलं आणि पहिल्यांदाच, इतक्या महिन्यांत पहिल्यांदा, स्वतःहून दाराचा विषय काढला.

"इंजिनिअर. यू गॉट सो मेनी फोटो. डोअर गॉट ऑर नॉट?"

मी फोन काढला. हजारावर फोटो होते. इंजिन, वायरिंग, चासी, एकेक बोल्ट. डाव्या दाराचंही फोल्डर होतं. त्यात बिजागऱ्या होत्या, आतलं कुलूप होतं, काच वरखाली करायचं यंत्र होतं, पत्र्याची आतली बाजू होती. बाहेरची बाजू नव्हती. ती तर जायचीच होती ना, तिचा फोटो कशाला? आणि गाडीचे पूर्ण फोटो मी नेहमी उजवीकडून काढलेले. तीच बाजू चांगली दिसायची.

अंकल थांबले होते. मी मागे मागे जात राहिलो, पार पहिल्या महिन्यापर्यंत. तिथे एक सापडला. एकदा मुलगी गाळ्यात आली होती तेव्हा तिने काढलेला. मी गाडीला टेकून उभा, हाताला ग्रीस, तोंडावर हसू मावत नाहीये, कोपर दारावर टेकवलेलं. माझ्या पोटामागे तीन अक्षरं झाकलेली. चौथं दिसत होतं, आणि फोन नंबरचे शेवटचे दोन आकडे.

अंकलनी फोन घेतला. बोटांनी फोटो मोठा केला, मला बाजूला सरकवल्यासारखं करून ते एक अक्षर मध्ये आणलं आणि बघत राहिले. फोन आता नाकाला लावावा लागत नव्हता, हातभर लांब धरून बघत होते. मग म्हणाले, "सेंड मी."

पाठवला.

ते आता बहिणीकडे जोहोरलाच राहतात. बागेत गाडी पळवतात, असं एकदा त्यांनी कळवलं होतं. व्हॉट्सअ‍ॅपवर त्यांच्या नावापुढच्या त्या छोट्या गोलात तो फोटो आहे. कापून कापून त्यांनी तेवढं एक अक्षर ठेवलंय, पण त्याच्या डाव्या अंगावर माझं कोपर आलंय. ते काढायला गेलं की अक्षराची पहिली रेघ जाते. मी स्वतः घरी बसून करून बघितलं, बऱ्याच वेळा. माझं कोपर त्यातून निघत नाही.